कोटिंगवाल्या चाकूचं पातं घरच्या घरी उघडं करायचं तर

काळं, खरबरीत कोटिंग असलेला जाड पात्याचा चाकू दिसायला दणकट असतो. त्याच्या कटकटी वापरायला लागल्यावर कळतात. नागपूरजवळच्या काटोल-कळमेश्वरकडच्या बागेत संत्र्याची वाळकी फांदी कापायला जावं तर पातं लाकडात फसतं. डब्यासाठी कांदा चिरला तर चकत्या पात्याला चिकटून वर चढतात. वर्ष-दोन वर्षांत धारेलगतचा रंग पोपडे धरून सुटायला लागतो आणि त्याचे कण अन्नात येतात. मग वाटतं, हे काढूनच टाकावं.

ते काढता येतं, घरच्या गच्चीवर आणि मोठ्या यंत्राशिवाय. मात्र रंग उतरवणं हा यातला सगळ्यात छोटा भाग आहे. त्या रंगाखाली कंपनीने जे झाकून ठेवलेलं असतं ते निस्तरण्यात खऱ्या संध्याकाळी जातात. आणि एकदा पातं उघडं झालं की गंजापासून त्याला राखायचं काम कोटिंगकडून तुमच्याकडे येतं. हे दोन्ही कबूल असेल तरच पुढचं सामान आणा.

आधी ओळख पटवा

सगळी कोटिंगं सारखी नसतात. बोटाला पॉलिश पेपरसारखं खरबरीत लागतं, जाड असतं आणि कोपऱ्यावर टवका उडालेला दिसतो, ते पावडर कोटिंग किंवा इपॉक्सी रंग. हे पेंट रिमूव्हरने उतरतं, आणि हा लेख मुख्यतः त्याच्यासाठी आहे. काळपट-राखाडी, पातळ, बोटाला जवळजवळ न जाणवणारा थर असेल तर तो ब्लॅक ऑक्साइड किंवा फॉस्फेटचा असतो. त्याला रिमूव्हर लागतच नाही, तो व्हिनेगरमध्येच सुटतो. सेराकोट नावाचा पातळ, सिरॅमिक मिसळलेला लेप रसायनाला सहसा दाद देत नाही, तो घासूनच काढावा लागतो. आणि डीएलसी (हिऱ्यासारखा कठीण कार्बन) किंवा टायटॅनियम नायट्राइडचा थर असेल तर नाद सोडा. तो पोलादापेक्षा कठीण असतो, तुमचे पेपर संपतील आणि तो तिथेच राहील. शिवाय तो पातळ आणि गुळगुळीत असल्याने कापताना अडतही नाही, म्हणजे काढायचं कारणही उरत नाही.

खात्री करायची असेल तर मुठीजवळच्या, सहसा न दिसणाऱ्या कोपऱ्यात रिमूव्हरचा एक थेंब ठेवा. दहा-पंधरा मिनिटांत सुरकुती पडली तर काम होणार.

पोलाद कुठलं आहे तेही बघा. बहुतेक पात्यांवर मुठीजवळच्या सपाट भागात ते कोरलेलं असतं. १०९५ असेल तर त्यात कार्बन साधारण ०.९५ टक्के, आणि गंज रोखणारं क्रोमियम जवळपास नाहीच. असं पातं उघडं केलं की गंजणारच. डी२ मध्ये क्रोमियम १२ टक्क्यांच्या आसपास असतं, ते उशिरा गंजतं पण गंजतं. ४२०एचसी किंवा १४सी२८एन यांसारखं स्टेनलेस असेल तर निम्मी काळजी मिटली, मात्र मग शेवटी सांगितलेली व्हिनेगरची काळी झाक त्याच्यावर नीट चढणार नाही.

कंपनीची वॉरंटी असेल तर ती या कामाने जाऊ शकते, एवढंही लक्षात असू द्या.

कायद्याचंही दोन ओळीत सांगतो, कारण नागपुरात चाकू बाळगणारे निम्मे लोक तो घेऊन जंगलाकडे निघतात. शस्त्र नियमांप्रमाणे घरगुती, शेतीच्या किंवा कारखान्याच्या कामासाठी नसलेलं, ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पातं शस्त्रात मोडतं. पातं त्याहून लहान असलं तरी पोलीस वेळोवेळी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश काढतात, तेव्हा ते कमरेला लावून बर्डीच्या बाजारात फिरू नये. आणि पेंच असो, ताडोबा असो की उमरेड-कऱ्हांडला, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शस्त्राच्या व्याख्येत चाकूचं नाव आहे. लेखी परवानगीशिवाय तो आत नेता येत नाही.

कोणत्या महिन्यात हात घालावा

ही गोष्ट परदेशी व्हिडिओ सांगत नाहीत, आणि नागपुरात तर सगळा खेळ इथेच आहे. बाजारात मिळणाऱ्या जोरकस पेंट रिमूव्हरमध्ये बहुतेक वेळा मेथिलीन क्लोराइड असतं. हे द्रव साधारण ४० अंश सेल्सिअसला उकळतं. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतलाच पारा ४५ च्या पुढे जातो. म्हणजे दुपारी तुम्ही जो डबा उघडणार, त्यातलं द्रव आधीच उकळीला आलेलं. झाकण सैल करताच ते तोंडावर उडतं, आणि पात्यावर लावलेला थर काम करण्याआधी उडून जातो.

जुलै-ऑगस्टमध्ये उलटी अडचण. रिमूव्हर शांत असतं, पण घासून पांढरं केलेलं १०९५ रात्रभर उघडं ठेवलं तर सकाळी त्यावर नारिंगी धूळ बसलेली असते. मग रोज आदल्या दिवशीचं काम अर्ध्यातून परत.

दिवाळीनंतर ते होळीपर्यंतचा काळ उत्तम. त्यातही फेब्रुवारी. हवा कोरडी, ऊन कोवळं, गच्चीवर बसवतं. डिसेंबरच्या गारठ्यात सकाळी रिमूव्हर जरा सुस्त चालतं, एवढंच. उन्हाळ्यातच करायचं असेल तर पहाटे करा, आणि उघडण्याआधी डबा तासभर गार पाण्याच्या बादलीत ठेवा.

सामान

इतवारीतल्या लोहाओळीत आणि आसपास यातलं बहुतेक सगळं मिळतं. गल्लीतलं हार्डवेअरचं दुकानही चालेल, फक्त तिथे बारीक नंबरचे पेपर असतीलच असं नाही. रिमूव्हर मागितलं की दुकानदार हमखास विचारतो, "काहून भाऊ, लोकं पेंट लावून राहिले अन् तुम्ही काढून राहिले?" त्याला चाकू म्हणून न सांगता "लोखंडाचा रंग काढायचा आहे" म्हणा, योग्य डबा काढून देतो. पाव-अर्धा लिटर भरपूर होतं.

पेपर मात्र सढळ हाताने घ्या. पाण्यात चालणारा काळा वॉटर पेपरच हवा, सुतारकामाचा पिवळा पॉलिश पेपर नको, तो ओला झाला की विरघळतो. १२० आणि २२० नंबरचे प्रत्येकी पाच-सहा ताव, ३२०, ४०० आणि ६०० चे दोन-दोन. लोक उलटं करतात, बारीक पेपर जास्त आणतात आणि १२० चा एकच. सगळी झीज १२० वरच होते.

त्याशिवाय: ॲसिटोन किंवा चांगला थिनर, बारीक स्टील वूल, मास्किंग टेप, दोन सी-क्लॅम्प, पात्याहून लांब सपाट लाकडी फळी, जुने टूथब्रश, काचेचा किंवा स्टीलचा टाकाऊ ट्रे. औषधाच्या दुकानातून लिक्विड पॅराफिनची बाटली. बाहेर "फूड ग्रेड मिनरल ऑइल" म्हणून जे महाग विकतात त्याच्याऐवजी हे बेधडक वापरा.

मूठ काढा, धार झाका

मुठीच्या दोन्ही फळ्या स्क्रूने बसवलेल्या असतील तर त्या आधी काढा. जी-१० आणि मायकार्टा या मुठीच्या थरदार साहित्यांत राळ असते, रबरी मूठ तर सरळ फुगते, आणि रिमूव्हर या कशालाच सोडत नाही. स्क्रू बहुधा ॲलन किंवा ताऱ्याच्या आकाराच्या खाचेचे असतात. ते चिकटवलेले असतील तर जोर लावून खाच गोल करू नका. सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूच्या डोक्यावर थोडा वेळ टेकवा, गोंद मऊ पडला की पाना फिरतो.

मूठ पात्यावरच ओतलेली असेल किंवा रिव्हेट ठोकलेले असतील तर ती काढता येणार नाही. अशा वेळी मुठीवर पॉलिथिन आणि त्यावर टेपचे दोन-तीन वेढे द्या, आणि मुठीच्या अर्धा इंच अलीकडेच रिमूव्हर थांबवा. उरलेला पट्टा नंतर पेपरने घासून काढायचा. कंटाळवाणं आहे, पण मूठ वाचते.

धार असलेल्या पात्यावर जोर लावून घासणं हा बोट कापायचा सरळ मार्ग आहे. धार शेवटी नव्याने लावायचीच असते, म्हणून आत्ता ती दगडावर दोन-चार वेळा उभी ओढून बोथट करून टाका. अनेकांना हे जिवावर येतं. तरी करा. त्यावर टेपची दुमडलेली पट्टी लावली की झालं.

रंग उतरवणं

हे काम उघड्या गच्चीवर, सावलीत, वारा पाठीमागून येईल असं बसून करायचं. न्हाणीघरात नाही, पंखा लावलेल्या खोलीतही नाही. मेथिलीन क्लोराइडची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली साचते, आणि शरीरात गेली की तिचं कार्बन मोनॉक्साइड होतं. अमेरिकेत बाथटबचा रंग काढणारे कामगार बंद न्हाणीघरात तिने दगावल्याच्या नोंदी आहेत. २०१९ मध्ये तिथे हे घटक असलेली रिमूव्हर घरगुती ग्राहकाला विकणं बंद झालं. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा एन-९५ मास्क धूळ अडवतो, ही वाफ अडवत नाही. घरात हृदयविकाराचं कुणी असेल तर त्यांनी त्या वेळी गच्चीवर येऊ नये, आणि तुम्हालाच तो त्रास असेल तर हे काम दुसऱ्याकडून करून घ्या. मेथिलीन क्लोराइड नसलेली रिमूव्हरही मिळतात. ती मिनिटांऐवजी तास घेतात, पण घाई नसेल तर मी तीच घ्या म्हणेन.

हातमोज्यांबद्दलही एक गैरसमज आहे. दवाखान्यात दिसणारे निळे नायट्राइल मोजे या द्रवापुढे काही मिनिटंच टिकतात. आत पॉलिथिन आणि ईव्हीओएच या प्लॅस्टिकच्या थरांचे लॅमिनेट मोजे आणि वर जाड रबरी मोजे घाला. थेंब उडून आत झोंबलं की लगेच काढा आणि हात धुवा. डोळ्यांना चष्मा हवाच.

जुन्या ब्रशने रिमूव्हर जाड थापा, एकाच दिशेने. पुन्हा पुन्हा ब्रश फिरवू नका. रिमूव्हरवर मेणाची साय धरते, तीच वाफ आत कोंडून ठेवते, आणि ब्रश फिरवला की ती फाटते. वरून पॉलिथिनची पिशवी पसरा. आता बघत बसा. पाचेक मिनिटांत काहीच होत नाही असं वाटतं. मग कडेकडून पृष्ठभाग मंद पडतो, बारीक सुरकुत्या येतात, आणि एकदम ठिकठिकाणी फुगे उठून काळी साल पोलादापासून अलग होते. वीस मिनिटांनी प्लॅस्टिकच्या पट्टीने ओढलं की ती ओल्या चिखलासारखी गोळा होऊन येते.  रंगाऱ्याचा लोखंडी पत्रा वापरू नका, त्याच्या कोपऱ्याचे ओरखडे नंतर तुम्हालाच घासावे लागतात.

पहिल्या हातात ऐंशी टक्के निघतं. उरलेलं कोरलेल्या अक्षरांत, अंगठा टेकवायच्या खाचांत आणि पातं मुठीला मिळतं त्या कोनात अडकून बसतं. दुसरा हात द्या आणि टूथब्रशने तेवढेच कोपरे घासा. मग थिनरच्या चिंधीने सगळं पुसा, नाहीतर मेण राहतं आणि पुढे पेपर भरून येतो. शेवटी साबणाच्या पाण्याने धुवा, लगेच कोरडं करा, तेलाचा हात फिरवा. लगेच म्हणजे चहा ठेवायच्या आधी.

खरवडलेली घाण वर्तमानपत्रावर पसरून मुलं आणि कुत्री-मांजरं पोचणार नाहीत अशा उघड्यावर पूर्ण सुकू द्या. मग बांधून घातक कचरा म्हणून वेगळी द्या. मोरीत ओतलेलं इथे शेवटी नाग नदीतच जातं, आणि तिची तब्येत आपण जाणतोच.

ग्राइंडर का नको

रिमूव्हरचा एवढा सोपस्कार ऐकला की कुणीतरी म्हणतं, ग्राइंडरला फ्लॅप डिस्क लाव, पाच मिनिटांत साफ. साफ होतं, आणि पात्याचं पाणीही उतरतं. १०९५ सारखं पोलाद तापवून विझवल्यावर साधारण २०० अंशांच्या आसपास पुन्हा शेकून त्याचा कडकपणा ठरवलेला असतो. धारेजवळचा पातळ भाग ग्राइंडरखाली काही सेकंदांत त्याच्या वर जातो. पोलाद रंगाने सांगतं: आधी गवती पिवळं, मग तपकिरी, जांभळं, आणि ३०० च्या सुमाराला निळं. निळी झाक दिसली की तेवढी धार गेली. ती परत आणायला लोहाराच्या भट्टीशिवाय उपाय नाही. म्हणून नियम एकच, उघड्या हाताने पातं धरवत नसेल तर थांबा आणि पाण्यात बुडवा. गच्चीच्या स्लॅबवर उन्हात तापलेल्या पात्याने चटका बसतो, त्याने मात्र काही बिघडत नाही.

हिंगणा एमआयडीसीत किंवा बुटीबोरीकडे पावडर कोटिंग करणाऱ्या वर्कशॉपमध्ये वाळूच्या माऱ्याने, म्हणजे ब्लास्टिंगने, हे काम पटकन होतं. सेराकोटसाठी तो चांगला मार्ग आहे. पण ब्लास्ट केलेला पृष्ठभाग सूक्ष्म खड्ड्यांचा असतो, त्यात ओल थांबते, आणि तो घासलेल्या पात्यापेक्षा लवकर गंजतो. ब्लास्ट करून आणलंत तरी पेपर चुकत नाही.

घासणं, म्हणजेच खरं काम

रंग गेल्यावर जे दिसतं त्याने बऱ्याच जणांचा विरस होतो. चकचकीत पोलाद नसतंच खाली. भट्टीतून आलेली काळपट-करडी खपली असते, कारखान्यातल्या ग्राइंडिंगचे आडवे खोल ओरखडे असतात, कुठे कुठे टाचणीच्या टोकाएवढे खड्डे. जाड रंग देणार आहोत हे माहीत असल्याने कंपनीने पृष्ठभागावर मेहनतच घेतलेली नसते. दिलेल्या किमतीत ते समजण्यासारखं आहे.

फळी टेबलाला क्लॅम्पने आवळा. त्यावर पातं आडवं ठेवून मुठीकडचा भाग दुसऱ्या क्लॅम्पने धरा, मध्ये चामड्याचा किंवा रबराचा तुकडा. पात्याची धार फळीच्या बाहेर येता कामा नये, आणि ती तुमच्या विरुद्ध बाजूला असावी. पेपर नुसत्या बोटाने घासू नका. बोट मऊ असतं, ते खड्ड्यात उतरतं आणि कडा गोल करून टाकतं. पेपरची पट्टी एका सरळ, कडक ठोकळ्याभोवती गुंडाळा. लाकूड चालेल, जाड ॲक्रिलिकचा तुकडा त्याहून बरा. पाण्यात दोन थेंब भांड्यांचा साबण टाकून पातं सतत ओलं ठेवा, म्हणजे उरलेल्या रंगाची आणि धातूची धूळ नाकात जात नाही.

सुरुवात १२० ने. दिशा आडवी, म्हणजे पाठीकडून धारेकडे. आधी सगळ्या पात्यावर मार्करने काळ्या रेघा ओढा. थोडं घासलं की उंच भागावरची शाई जाते, खोलातली राहते. ती शाई जाईपर्यंत पुढचा नंबर हातात घ्यायचा नाही. इथेच लोक घाई करतात. १२० वर पातं एकसारखं करडं दिसायला लागलं की वाटतं झालं, आणि २२० उचलतात. मग ४०० वर पोचल्यावर मधोमध कारखान्याचे दोन-तीन आडवे ओरखडे चमकून वर येतात. ४०० ने ते जन्मात जात नाहीत, परत १२० वर यावं लागतं. म्हणून १२० ला दोन संध्याकाळी द्या, बाकी सगळे नंबर मिळून एक. पेपर चावेनासा झाला की तो टाकून द्या. गुळगुळीत झालेल्या १२० ने तासभर घासण्यात हाताशिवाय काहीच झिजत नाही.

प्रत्येक नंबरला दिशा बदला. १२० आडवा, २२० तिरपा, ३२० उलट तिरपा. दिशा बदलली की आधीच्या नंबरचे ओरखडे वेगळे उठून दिसतात, आणि ते सगळे गेले की पुढे जायचं हे डोळ्यांना कळतं. तपासायचं ते ट्यूबलाइटखाली नाही. सकाळचं तिरपं ऊन पात्यावर घ्या आणि पातं हळूहळू कलतं करा. एक ओरखडाही लपत नाही.

पातं मुठीला मिळतं तो वळणाचा भाग अवघड असतो. तिथे आइस्क्रीमच्या काडीला पेपर गुंडाळून कोपरा वेगळा घासा. खोल खड्डे आणि कंपनीचं कोरलेलं नाव पूर्ण घालवायच्या मागे लागू नका. तेवढ्यासाठी अख्खं पातं पातळ होईल. राहू द्या, तेल धरतात.

पाठीचा भाग विसरू नका. चकमकीच्या कांडीवर ठिणगी पाडायची असेल तर पाठीची कड काटकोनी आणि उघडी हवी, कोटिंगखाली ती गोल असते. कानस इथे घसरत जाते, कारण पातं कडक असतं. ठोकळ्यावर १२० चा पेपर ताणून पाठ त्यावर सरळ ओढत राहा, कड येते.

शेवटचा हात ४०० चा. आता दिशा लांबीची, मुठीकडून टोकाकडे, आणि एकाच बाजूने. मागेपुढे करू नका. मागे फिरताना पेपर जिथे वळतो तिथे गळाच्या आकाराचे बारीक ओरखडे उमटतात आणि सगळ्या कामाची शोभा घालवतात. नवी पट्टी, एक लांब ओढ, पट्टी थोडी सरकवायची, पुन्हा ओढ. ६०० हौसेसाठी ठीक. त्यापुढे आरशासारखी चमक आणायची हौस वापरायच्या चाकूवर करू नये. पहिल्याच बांबूवर ती जाते आणि मग प्रत्येक चरा डोळ्यांत खुपतो.

वरची झाक

नुसतं घासलेलं पातं तेल लावून वापरायला घेतलं तरी चालतं. पण १०९५ ला मुद्दाम एक पातळ करडा थर दिला तर नारिंगी गंज धरायचं प्रमाण कमी होतं. कमी होतं, थांबत नाही.

सगळ्यात सोपं व्हिनेगर. किराणा दुकानातलं ४ टक्क्यांचं पांढरं सिंथेटिक व्हिनेगर घ्या आणि हाताला सोसेल इतपत कोमट करा. पातं ॲसिटोनने पुसून घ्या आणि त्यानंतर त्याला बोट लावू नका. बोटाचा ठसा जसाच्या तसा उमटतो, अगदी रेषांसकट. काचेच्या उंच बरणीत ते दोरीने टांगा, तळाला किंवा भिंतीला टेकू देऊ नका. बारीक बुडबुडे येतात, तो हायड्रोजन. वीस मिनिटांनी बाहेर काढलं की वर काजळीसारखं काळं लागतं. ते पाण्याखाली स्टील वूलने हलकं पुसा आणि परत बुडवा. असं तीन-चारदा केलं की एकसारखा करडा रंग बसतो. रात्रभर बुडवून ठेवायचा शहाणपणा करू नका, आम्ल पोलाद खातं आणि खड्डे पडतात.

गडद कोळशासारखा रंग हवा असेल तर फेरिक क्लोराइड. सर्किट बोर्ड कोरायला ते लागतं, त्यामुळे सीताबर्डीत इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानांत मिळतं. तयार द्रावणाच्या एका भागाला तीन-चार भाग पाणी, आणि ओतायचं ते द्रावण पाण्यात. कोरडी पूड मिळाली तर ती चिमटीचिमटीने पाण्यात टाका, कारण ती खूप तापते आणि झोंबणारी वाफ सोडते. भांडं काचेचं किंवा प्लॅस्टिकचंच. तीन ते पाच मिनिटं पुरतात. फरशीवर थेंब पडला तर तपकिरी डाग कायमचा, म्हणून हे काम करताना घरच्यांचा रोष ओढवून घेऊ नका, खाली जुनं पोतं अंथरा.

दोन्हीपैकी काहीही केलं तरी नंतर खायच्या सोड्याच्या पाण्यात पातं चांगलं घोळवा. आम्ल राहिलं तर दुसऱ्या दिवशी गंज येतोच. व्हिनेगरनंतर पातं दाट काळ्या चहात किंवा काष्ठौषधीच्या दुकानातल्या हिरड्याच्या काढ्यात अर्धा तास ठेवलं तर रंग आणखी काळा होतो. हिरड्यातलं टॅनिन लोखंडाशी मिळून काळं संयुग बनवतं. हा थर पातळ असतो, वापरात पुसट होत जातो, पण देखणा दिसतो.

नागपुरात हमखास येणारा प्रश्न: संत्र्याच्या रसाने होतं का? होतं, फार फिकं. आपलं संत्रं गोड आहे, त्यात आम्ल कमी. लिंबात ते कितीतरी जास्त असतं. अर्धं लिंबू फिरवून ठिपक्यांची, ढगाळ झाक छान येते. संत्री खा.

मूठ, धार, म्यान

मूठ परत बसवण्याआधी तिच्याखाली झाकला जाणारा पोलादाचा भाग मेणाने माखा. मधमाशांचं मेण थोड्या लिक्विड पॅराफिनमध्ये वितळवलेलं असलं की उत्तम. पाणी तिथेच शिरतं आणि तिथला गंज मूठ काढेपर्यंत दिसत नाही.

लाकडी मूठ असेल तर तिला जवसाचं तेल द्या. विदर्भात ते सहज मिळतं. हे तेल हवेत सुकून घट्ट होतं, म्हणून लाकडाला चांगलं आणि पात्याला वाईट, पात्यावर ते चिकट होऊन बसतं. जवसाच्या तेलाची चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. सुकताना ती स्वतःच तापते आणि पेट घेऊ शकते, आपल्या उन्हाळ्यात तर नक्कीच धोका. पाण्यात भिजवून मगच फेका. पात्याला शेंगदाण्याचं तेलही नको, ते खवट होतं. लिक्विड पॅराफिनचे दोन थेंब पुरेत.

आता धार. बोथट केलेली कड दगडावर, साधारण २० अंशांच्या कोनात दोन्ही बाजूंनी लावा. कोटिंग गेल्यामुळे पातं दगडावर सरळ बसतं आणि कोन पकडायला पहिल्यापेक्षा सोपं जातं.

म्यान आतून झटकून घ्या. जुन्या रंगाचे कण आणि वाळू त्यात असतेच, आणि तुम्ही घेतलेली मेहनत पहिल्याच फेरीत ओरबाडून काढते. प्लॅस्टिकचं असेल तर साबणाच्या पाण्याने धुवून उन्हात वाळवा. चामड्याचं असेल तर पावसाळ्यात चाकू त्यात ठेवूच नका. चामडं ओल धरतं आणि कमावताना वापरलेले क्षारही त्यात असतात. मृग लागला की पातं तेलाच्या कपड्यात गुंडाळून कोरड्या कपाटात, आणि आठवड्यातून एकदा उघडून बघायचं. लिंबू, कांदा, टोमॅटो कापल्यावर लगेच धुवून पुसायचं. नारिंगी ठिपका दिसलाच तर त्याच दिवशी स्टील वूलवर थेंबभर तेल घेऊन लांबीच्या दिशेने घासा, निघून जातो. आठवडाभर राहू दिला तर तिथे खड्डा पडतो आणि पुन्हा १२० काढावा लागतो.